तोरणात आता राम राहिला नाही

ओतूर,
२१ फेब्रुवारी २००८

प्रिय पप्पू,

दुपारचे दोन वाजलेत. लोडशेडिंग सुरू झालंय, पाचपर्यंत काही लाइट येत नाही. दुकानात चार टीव्ही पोट उघडून पडलेत, पण करंट नाही तर मी तरी काय करणार? शीला आरोहीला घेऊन चार दिवस माहेरी गेलीय. आरोही आता अडीच वर्षांची झाली, सारखी बडबडते. टीव्ही दुरुस्त करायला आलेल्या माणसाला विचारते, "तुमचा टीवी आजारी हाय?" तू तिला अजून पाहिलं नाहीस. लग्नालाही आला नव्हतास, परीक्षा होती म्हणालास. ते मी कधी मनात धरलं नव्हतं. आता मात्र एकेक सगळं आठवतं, आणि प्रत्येक गोष्ट वेगळीच दिसते.

नोव्हेंबरपासून मी तुला पत्र लिहिलं नाही. सात वर्षांत एवढा खंड कधी पडला नव्हता. तुझाही फोन नाही. पण आज लिहिलंच पाहिजे असं झालंय, आणि लिहायचंच तर पहिल्यापासून लिहितो. मला तसंच जमतं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

आपण पाचवीत होतो. तुझा मामा मस्कतहून आला आणि त्यानं व्हिडिओ गेमचं ते पांढरं मशीन आणलं. दोन रिमोट आणि एकच कॅसेट. कॅसेटवर इंग्रजीत तोरान असं लिहिलेलं होतं, पण आपल्या बोरीत त्याचं पहिल्याच दिवशी 'तोरण' झालं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. डोंगरातल्या सात किल्ल्यांवरच्या सात घंटा चोरीला गेल्यात, त्या परत आणायच्या, एवढीच गोष्ट. पहिला रिमोट तोरणचा, त्याच्या हातात तलवार. दुसरा रिमोट त्याच्या जोडीदाराचा. तो मेंढपाळ, त्याच्या हातात गोफण. मशीन तुझं, म्हणून तलवार तुझी. मी मेंढक्याचा पोरगा, म्हणून गोफण माझी. तू हे हसत हसत ठरवलंस आणि मलाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट मला गोफणच आवडायची. ती लांबून मारता यायची आणि तुझ्या अंगावर येणारे शत्रू मला आधी दिसायचे.

तुमच्या घरी तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. तीन वर्षं आपण त्या घंटा पांढऱ्याच समजत होतो. नारायणगावात एका दुकानात रंगीत टीव्हीवर तोच गेम चालू दिसला आणि घंटा पिवळ्याधमक निघाल्या, तेव्हा आपण दोघं रस्त्यात उभे राहून किती हसलो होतो! मशीनमध्ये काही सेव्ह व्हायचं नाही. लाइट गेली की पुन्हा पहिल्या किल्ल्यापासून. पाचव्या किल्ल्यावर लाइट गेली की तू रिमोट आपटायचास, आणि निर्मलाकाकू आतून ओरडायच्या, "आरं मोडशील! मामा काय रोज येतोय व्हय?" मग आपल्या दोघांना ताटात भाकरी आणि लसणाची चटणी. काकूंनी मला कधी परक्यासारखं वाढलं नाही. फक्त म्हणायच्या, "भैरू, आदी हातपाय धू, मेंढरांचा वास येतोय." आणि मी धुवायचो.

माझा बाप, भिमा, एकदा मला शोधत तुमच्या ओटीवर आला होता. मेंढरं नदीला लावून आलेला. घोंगडी खांद्यावर तशीच. दारात उभा राहून त्यानं बराच वेळ पडद्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता पाठीत बसणार. पण तो म्हणाला, "त्यो मेंढक्या बरा हाय की. पर गोफण गरागरा फिरवून मग सोडायची आस्ती, ह्यो लगीच सोडतुया." एवढं बोलून गेला. विलासकाका, म्हणजे तुझे वडील, त्या दिवशी घरी होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढं कितीतरी दिवस मी दिसलो की विचारायचे, "काय भैरू, गोफण फिरवून सोडायला शिकला का न्हाई त्यो?"

दुसरा भाग सातवीत, तिसरा दहावीत. तिसऱ्यात किल्ले वाढून अकरा झाले आणि पासवर्ड आले. बारा अक्षरांचा पासवर्ड वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. ते काम माझं. नकाशेही मी काढायचो, कुठं भिंत पोकळ आहे, कुठं धबधब्यामागं वाट आहे. दहावीची परीक्षा संपली त्या मे महिन्यात आपण तिसरा भाग पुरा केला. अकरावी घंटा वाजली तेव्हा तू माझ्या गळ्यात पडलास आणि म्हणालास, "भैरू, तुझ्याशिवाय हे झालं नसतं." हे तू म्हणाला होतास, पप्पू. मी बनवून सांगत नाही.

मग तू ओतूरला कॉलेजात गेलास आणि बारावीनंतर पुण्याला इंजिनिअरिंगला. मी जुन्नरला आयटीआय केलं आणि एसटी स्टँडजवळ हे दुकान टाकलं. शेजारी सावळेरामनं सायबर कॅफे काढला, त्याचे कॉम्प्युटर मी नीट करून द्यायचो आणि तो मला दुपारी रिकाम्या वेळेत बसू द्यायचा. चौथा तोरण मी तिथंच, कॉम्प्युटरला रिमोट जोडून खेळलो. खेळून झाल्यावर मला राहवलं नाही आणि मी तुला पहिलं मोठं पत्र लिहिलं. नऊ पानं होती. चित्रं आता खरीखुरी दिसतात, डोंगराला चारी बाजूंनी फिरता येतं, पण दुसरा रिमोट काढून टाकलाय. मेंढपाळ आता नुसता गोष्टीत आहे, तोरणच्या मागं आपोआप चालतो आणि आपोआप दगड मारतो. मी लिहिलं होतं, की ज्यांनी हा भाग बनवला त्यांना वाटलं असेल, दुसऱ्या रिमोटवर नेहमी धाकटा भाऊ नाहीतर शेजारचं पोर बसतं, त्याला कोण विचारतो. तुझा फोन आला. सावळेरामच्या नंबरवर केला होतास. म्हणालास, "काय पत्र लिहिलंयस राव! होस्टेलच्या पोरांना वाचून दाखवलं. तू लिहीत जा." मला पुढं दोन दिवस तहानभूक सुचली नाही, एवढा आनंद झाला.

तेव्हापासून मी लिहीत राहिलो. माझं शुद्धलेखन कच्चं, म्हणून आधी वहीत लिहायचो, खोडायचो, शीला आल्यावर तीही चुका काढायची, आणि मग चांगल्या कागदावर उतरवून तुला पाठवायचो. कच्च्या वह्या टाकून द्यायचा माझा स्वभाव नाही. तू पत्रांत कमी लिहायचास, फोनवर विचारायचास जास्त. अमुक गेम आलाय, पाहिलास का? तोरणबद्दल सविस्तर लिही. जुन्या भागांशी तुलना करून लिही. मला वाटायचं, पुण्यात एवढी माणसं असून पप्पूला माझंच मत लागतं. एका मासिकात तू कॉम्प्युटरवर लिहितोस एवढं मला ठाऊक होतं. एकदा अंक मागितला तर म्हणालास, "टेक्निकल असतं रे, तुला कंटाळा येईल." मी पुन्हा मागितला नाही.

आता डिसेंबर २००३ चं लिहितो. तुला ते माहीत आहे, तरी लिहितो. दरवर्षीसारखा बाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात निघाला होता. माळशेज घाटात सकाळच्या धुक्यात एक ट्रक कळपात घुसला. एकवीस मेंढरं आणि माझा बाप. मला निरोप आला तेव्हा मी एका टीव्हीची पिक्चर ट्यूब बदलत होतो. तू मातीला आला नाहीस. विलासकाका आले होते. त्यांनीच मला धरून ठेवलं होतं.

तेराव्यानंतर मी दुकान उघडलं. काम होईना. सावळेराम म्हणाला, "भैरू, त्यो पाचवा आलाय बग. बस जरा, मन रमंल." मी बसलो आणि दोन दिवसांत पहिले चार किल्ले केले. आणि मग तुला लिहिलं. ते पत्र मला पाठ आहे. 'पप्पू, तोरणात आता राम राहिला नाही. चौथ्या किल्ल्यावर घंटा वाजली, पण कानापर्यंत पोचली नाही. बाप मेंढरांना हाक मारायचा ती मधेच ऐकू येत होती आणि मी रिमोट धरलेला माझाच हात परक्याचा असल्यासारखा बघत होतो. चित्रं पहिल्यापेक्षा कितीतरी चांगली आहेत. पण चढून जायचं कशासाठी, तेच कळत नाही.' असं चार पानं. ते पत्र गेमवर नव्हतंच. मला माझ्या बापासाठी रडता येत नव्हतं, म्हणून मी गेमबद्दल लिहिलं होतं. ते वाचून तू फोन केलास आणि म्हणालास, "भैरू, आजवरचं सगळ्यात भारी पत्र." मला वाटलं, सांत्वन करतोय. शब्द सापडत नसतील पोराला.

दोन वर्षांनी, आरोही झाल्यावर, मी पाचवा पुन्हा खेळलो. सहज, पहिल्यापासून. आणि काय सांगू तुला, तो भाग उत्तम निघाला! त्यातल्या सहाव्या किल्ल्यावर एक म्हातारी घंटा वाजवायला नकार देते, तिथवर मी तेव्हा पोचलोच नव्हतो. मग सहावा आला. त्यात दुसरा रिमोटही परत आला. मी तुला बारा पानी पत्र लिहिलं, की मी चुकलो होतो. तोरण उतरला नव्हता, मी उतरलो होतो. लोक मालिकेला नावं ठेवतात तेव्हा अर्ध्या वेळा स्वतःचं वय झालेलं असतं नाहीतर घरात काहीतरी झालेलं असतं, आणि दोष मात्र बिचाऱ्या गेमला. चौथा भाग खरोखर वाईट होता, ते मी आजही म्हणेन. पण पाचवा नाही. या पत्रावर तुझा फोन आला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "वाचलं. ठीक आहे. एवढं नाही जमलं या वेळी."

त्याच सुमाराला सावळेरामकडं येणारी कॉलेजची पोरं माझ्याशी वाद घालायची. मी सहाव्या भागाचं कौतुक केलं की म्हणायची, "भाऊ, तोरणात आता राम राहिला नाही. पुण्याच्या मासिकात आलतं." मी तावातावानं भांडायचो. कुणी लिहिलंय हे, त्याला काही कळत नाही, त्यानं पाचवा नीट खेळलेलाच नाही. असं मी माझ्याच वाक्याशी वर्षभर भांडत होतो. मला वाटायचं, म्हणायची पद्धतच आहे ही, कुणीही म्हणेल.

गेल्या सप्टेंबरात सावळेराम पोरं म्हणायची ते मासिक घ्यायला लागला. तू लिहितोस ते हेच, हे मला ठाऊक नव्हतं. त्यात वाचकांसाठी आवाहन होतं. आवडत्या गेमवर लेख पाठवा, निवड झाल्यास दर महिन्याला लिहायची संधी. सावळेरामनंच पान माझ्यापुढं धरलं. मी घाबरलो होतो, पण शीला म्हणाली, "पप्पूभावजींना एवढी पत्रं लिवता, मंग हे का न्हाई?" मी महिनाभर लिहिलं. लेखाच्या पहिल्या अर्ध्या भागात माझी जुनी मतं, चौथा का बिघडला, पाचव्यात राम का वाटला नाही. दुसऱ्या अर्ध्यात ती मतं मीच खोडून काढलेली. तुला कळवलं नाही. निवड झाली की एकदम अंकच घेऊन पुण्याला यायचं, असं ठरवलं होतं. तुझं तोंड कसं होईल, ते मी आणि शीला रोज बोलायचो.

लेख साभार परत आला. सोबत संपादकबाईंची चिठ्ठी. 'आपल्या लेखाचा बराचसा भाग आमचे स्तंभलेखक श्री. प्रमोद कोरडे यांच्या पूर्वी प्रसिद्ध झालेल्या लेखांतून शब्दशः घेतलेला आहे. हे योग्य नव्हे.' प्रमोद कोरडे. मला क्षणभर हा कोण ते कळेना. तुला मी प्रमोद म्हणून कधी हाक मारली नाही.

जुने अंक सावळेरामनं नारायणगावच्या त्याच्या मेव्हण्याकडून मिळवले. एकवीस लेख. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून वाचत बसलो. नऊ पानांचं ते पहिलं पत्र तिथं होतं. दुसऱ्या रिमोटवर शेजारचं पोर बसतं, हे वाक्य होतं. धबधब्यामागची वाट होती. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, पण तो बघणारा तू एकटाच होतास. मी कुठंच नव्हतो. तरी पप्पू, खरं सांगतो, तिथवर मला राग आला नव्हता. वाईट वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला, की माझं वाक्य छापून येतं तेव्हा इतकं चांगलं दिसतं. मग फेब्रुवारी २००४ चा अंक उघडला. मथळाच होता, 'तोरणात आता राम राहिला नाही'. आणि पहिलं वाक्य, 'माझे वडील गेले त्या आठवड्यात मी हा खेळ खेळलो.'

मी ते तीनदा वाचलं. माझा बाप तू घेतलास, पप्पू. धुकं घेतलंस, हाक घेतलीस, फक्त मेंढरं काढलीस आणि त्या जागी मोटरसायकल घातलीस. पुढच्या अंकात वाचकांची पत्रं होती. कुणी बाई लिहिते, कोरडे, आपल्या वडिलांच्या जाण्याचं वाचून डोळे भरून आले. आणि इकडं विलासकाका रोज सकाळी कांद्याला पाणी धरतात! ज्या माणसानं मला माझ्या बापाच्या चितेसमोर धरून ठेवलं, त्याला तू दोन महिन्यांत छापून मारलंस.

नोव्हेंबरात मी तुझ्या ऑफिसात आलो ते अंक सोबत घेऊन. जेवणाच्या सुट्टीत तू खाली आलास, गळ्यात ओळखपत्र. टपरीवर चहा सांगितलास. मी अंक पुढं केला. तू उघडलासुद्धा नाहीस. म्हणालास, "अरे भैरू, एवढं काय मनाला लावून घेतोस? ते पत्र कुणाला लिहिलं होतंस? मला ना? मग ते माझंच झालं की." मी विचारलं, "आणि काका?" तू इकडंतिकडं बघितलंस आणि म्हणालास, "लेखात असं करावं लागतं. वाचकाला काहीतरी पर्सनल लागतं." मी एवढंच म्हणालो, की माझ्याकडं कच्च्या वह्या आहेत. तेव्हा पहिल्यांदा तू माझ्याकडं नीट बघितलंस. खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "मी बोलतो मॅडमशी. तुझा लेख छापायला सांगतो. विश्वास ठेव." मी ठेवला. परतीच्या एसटीत राजगुरुनगरपर्यंत मी तुझ्या बाजूनंच विचार करत होतो. लहान वयात सुरुवात केली असेल, मग थांबता आलं नसेल, आता सुधारेल.

जानेवारीत संपादकबाईंचं दुसरं पत्र आलं. ते इथं जसंच्या तसं उतरवतो, कारण तुला ते माहीत नसणार. 'श्री. कोरडे यांच्याशी बोलले. ते आपल्याला ओळखत नाहीत. गावाकडचे कोणी टीव्ही मेकॅनिक आहेत, चाहते म्हणून पत्रे लिहितात, असे ते म्हणाले. परंतु आपल्या लेखाचा उत्तरार्ध मी पुन्हा वाचला. तो त्यांच्या कोणत्याच लेखात नाही आणि तो अधिक चांगला आहे. म्हणून विचारते, आपल्याकडे काही जुने कागद असल्यास पाठवावेत. आपले म्हणणे खरे निघाल्यास आम्ही पुढच्या अंकात तसे दोन्ही नावांनिशी छापू.'

ओळखत नाहीत, हे मी शीलाला वाचून दाखवलं नाही. पत्र गल्ल्याखाली घालून ठेवलं आणि ठरवलं, जाऊ दे. वह्या पाठवायच्या नाहीत. आपल्याच माणसाला पुण्यात उघडं पाडून मला काय मिळणार? दुकान आहे, पोरगी आहे. महिनाभर मी तसाच गप्प होतो. एकदा तर तुला फोन करून सांगावंसं वाटलं, की घाबरू नकोस, मी काही करणार नाही.

आणि मग सोमवारी निर्मलाकाकू दुकानात आल्या. बोरीहून एकट्या, आळेफाट्याला गाडी बदलून. गुडघे दुखतात तरी. पिशवीत आरोहीसाठी शेंगदाण्याचे लाडू. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भैरू, पप्पूचा फोन आल्ता. तुज्याकडं काय त्या ल्हानपणीच्या वह्या हायेत म्हनं, तेवढ्या घिऊन ये म्हनला. आठवन म्हनून घरात ठिवायच्यात त्याला." आणि हसून म्हणाल्या, "किती जीव हाय बग त्याचा तुज्यावर! यवढा सायब झाला तरी तुजं कागद जपायचं म्हनतोय." पप्पू, तू स्वतः आला असतास आणि हात पसरला असतास, तर मी तुझ्या देखत त्या वह्या चुलीत घातल्या असत्या. तू आईला पाठवलंस. तिला काही न सांगता पाठवलंस, कारण तुला ठाऊक होतं, मी तिला नाही म्हणू शकणार नाही. मी म्हणालो, "काकू, त्या उंदरांनी कुरतडल्या, मागच्या पावसाळ्यात टाकून दिल्या." त्या हळहळल्या. म्हणाल्या, "जाऊ दी, आठवन काय वहीत आस्ती व्हय?" काकांची तब्येत विचारली तर म्हणाल्या, "ठनठनीत हायेत, तुज्या दुकानातला रेडिओ दिसभर वाजवत्यात." मी त्यांना स्टँडवर गाडीत बसवून दिलं. काकूंशी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो.

आज सकाळी पोस्ट उघडल्या उघडल्या सगळ्या वह्या मी रजिस्टरनं संपादकबाईंना पाठवल्या. हे पत्र ते सांगायलाच लिहिलंय. तुला धमकी द्यायला नाही, आणि तुझ्याकडून माफी वदवून घ्यायलाही नाही. पुढचा अंक पाच तारखेला येतो. सावळेरामकडं येतो, तिथून कॉलेजची पोरं वाचतात, त्यांतली तिघं बोरीची आहेत. कुणीतरी विलासकाकांना नक्की विचारेल, की तुम्ही चार वर्षांपूर्वी कसे वारलात. तुझ्या हातात बारा दिवस आहेत. त्याच्या आत घरी जा. काका शेतावरून आले की त्यांच्यासमोर बस, काकूंनाही बोलाव, आणि काय केलंस ते तुझ्या तोंडानं सांग. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. मी सोमवारी काकूंचा हात हातात धरून सांगायला गेलो होतो, पण माझ्याच्यानं झालं नाही.

तुझाच, पण आता कुणी विचारलं तर ओळख न सांगणारा,
भैरू